साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क बोटीने: केबिन कुठली, दिशा कुठली, व्हिसा आधी कुठला?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आईबाबांना (वय ६६ आणि ७१) क्वीन मेरी २ने अटलांटिक पार करवायचा विचार आहे. मी आणि बायको सोबत असू. रोज नव्या बंदरात उतरवणारी क्रूझ नको. एका किनाऱ्यावरून निघून थेट दुसऱ्या किनाऱ्याला लागणारी, जुन्या लायनरच्या पद्धतीची बोट बाबांना हवी आहे. राहतो बडोद्यात, पासपोर्ट भारतीय. आईला घाटात गाडी लागते. दोघंही शुद्ध शाकाहारी. एजंट म्हणतो, बाल्कनी घ्या आणि जितकी वरची मिळेल तितकी घ्या. ऐकावं का? आणि जाताना बोटीने जावं की येताना?

सातवा डेक

आईंना गाडी लागत असेल तर एजंटचं मुळीच ऐकू नका. वरची केबिन महाग असते, पण हलते सगळ्यात जास्त.

बोट दोन तऱ्हांनी हलते. एक म्हणजे डावी-उजवीकडे कलणं. त्यासाठी क्वीन मेरी २ला पाण्याखाली दोन्ही बाजूंना मिळून चार पंख आहेत, ते हे कलणं बरंच कमी करतात. दुसरं म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर-खाली होणं, आणि त्यावर या पंखांचा इलाज चालत नाही. नाळ लाटेवर चढते तेव्हा दोन्ही टोकांच्या केबिनी वर-खाली होतात, मधल्या जवळपास जागीच राहतात. म्हणून लांबीच्या मधोमध आणि खालचा डेक (मजला), म्हणजे ४ किंवा ५, हे धरून चाला. ६ वर मधोमध घेतलीत तर वर सातव्या डेकवर किंग्ज कोर्ट हे बुफे आहे, पहाटे खुर्च्या-ट्रॉल्या सरकल्याचा आवाज खाली येऊ शकतो. अगदी मागच्या टोकाला पॉड्सची थरथर जाणवते. (पॉड म्हणजे बोटीच्या पोटाखाली लटकवलेली मोटर आणि पंखा. असे चार आहेत, प्रत्येकी २१.५ मेगावॉटचे. दोन स्थिर आणि दोन फिरणारे. त्यामुळे बोटीला वेगळं सुकाणूच नाही.)

४, ५ आणि ६ वरच्या बाल्कन्या बोटीच्या पोलादी अंगातच कापलेल्या आहेत. समोर जाळी किंवा काच नसून पोलादी कठडा आहे, त्यामुळे खुर्चीत बसलं की समुद्र दिसत नाही, उभं राहावं लागतं. पण वारा अडतो, आणि उत्तर अटलांटिकवर तीच सोय मोठी. ८ वर बऱ्याच बाल्कन्यांसमोर जीवनरक्षक होड्या येतात. बुकिंगच्या नकाशात तशी खूण असते, ती बघूनच पैसे भरा.

बाबांना लायनरच हवी असेल तर निवड बरोबर आहे. २००४ पासून चालणारी ही बोट ३४५ मीटर लांब आहे, तळ सुमारे १० मीटर पाण्यात असतो आणि नाळ क्रूझ बोटींपेक्षा लांब आणि निमुळती आहे. जीवनरक्षक होड्यासुद्धा नेहमीपेक्षा उंच टांगल्या आहेत, लाटांचा तडाखा लागू नये म्हणून. पूर्वी हीच फेरी सहा रात्रींत व्हायची, आता बहुतेक सात रात्री घेतात. त्यामुळे वेग राखून ठेवलेला असतो. वाटेत वादळ आलं तर कप्तान दक्षिणेकडून वळसा घेऊनही वेळेवर पोचू शकतो.

दिशा: इंग्लंडहून अमेरिकेकडेच जा. पाच तासांचा फरक आहे. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, म्हणजे २५ तासांचे पाच दिवस मिळतात. उलट दिशेने तेवढेच दिवस २३ तासांचे, आणि काटा बहुधा भर दुपारी पुढे सरकवतात. वयस्कर माणसांची झोप आणि गोळ्यांच्या वेळा दोन्ही त्यात बिघडतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर वेळांचा तक्ता डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

शिवाय न्यूयॉर्कला पोचतानाचा देखावा पश्चिमेकडे जाणाऱ्यालाच मिळतो. पहाटे बोट व्हेराझानो पुलाखालून जाते, धुरांडं आणि पूल यांत जेमतेम काही मीटर उरतात. त्यानंतर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा डाव्या हाताला येतो. बाबांना पाचच्या आधी उठवून डावीकडच्या मोकळ्या डेकवर न्या.

रावपुरा ते रेडहूक

व्हिसाचं सांगतो, कारण बेत इथेच फसतात. अमेरिकेचा व्हिसा आधी. गुजरातची मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होते. बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणून लागोपाठचे दिवस घ्या. तारीख मिळायलाच महिने जाऊ शकतात. तो व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारी रक्कम भरू नका. ब्रिटनच्या व्हिसाला मात्र प्रवासाच्या तीन महिन्यांहून जास्त आधी अर्ज करता येत नाही. निकाल साधारण तीन आठवड्यांत लागतो आणि ठसे अहमदाबादला देता येतात. काही फेऱ्या हॅम्बुर्ग किंवा ल हाव्रला थांबतात. तशी फेरी असेल तर शेंगेन व्हिसाचंही (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) बघावं लागेल, म्हणून थेट फेरीच निवडा. साउथहॅम्प्टनच्या काउंटरवर अमेरिकेचा व्हिसा दिसला नाही तर बोटीवर घेतच नाहीत.

विमान आणि बोट एकाच दिवशी ठेवू नका. बोट कोणासाठी थांबत नाही, आणि वाटेत दुसरं बंदरही नाही. आदल्या रात्री साउथहॅम्प्टनला मुक्काम करा. हीथ्रोहून थेट बस आहे, किंवा लंडन वॉटर्लूहून रेल्वेने सव्वा-दीड तास. तिथे टर्मिनल अनेक आहेत, टॅक्सीवाल्याला तिकिटावरचं नाव वाचून सांगा.

विमा घेताना समुद्रप्रवास आणि बोटीवरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते पॉलिसीत शोधा. बोटीवर डॉक्टर आणि दवाखाना आहे, पण बिल डॉलरमध्ये येतं. मध्य अटलांटिकमध्ये हेलिकॉप्टर पोचत नाही.

केळकर_अलकापुरी

जेवणाची काळजी नको, पण कळवणं तुमच्या हातात आहे. बुकिंगच्या वेळीच 'शाकाहारी, अंडं नाही' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं की अंडं आणि चीज दोन्ही येतात. पहिल्या रात्री ब्रिटानिया रेस्टॉरंटच्या मुख्य वेटरला भेटा आणि उद्याचा मेनू आजच मागा. डाळ-भात, भाजी असं काही हवं असेल तर आदल्या दिवशी सांगितलं की स्वयंपाकघराला वेळ मिळतो. घरचं मेतकूट, लोणचं, भाकरवडी बंद पाकिटात न्यायला हरकत नाही. उरलेलं मात्र न्यूयॉर्कला कस्टम्सच्या वेळी सांगून टाका.

आईंसाठी अ‍ॅव्होमिन (बोट किंवा गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी) आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर ती चालेलच असं नाही. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी लागू पडत नाही, बोट सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यावी. तिने झोप येते, तेव्हा जिन्याऐवजी लिफ्ट. पोट रिकामं ठेवू नका, बिस्किटं आणि आलं जवळ असू द्या.

सात रात्रींत बहुधा दोन रात्री समारंभी पोशाखाच्या असतात. राष्ट्रीय पोशाख चालतो, त्यामुळे बाबांना बंदगळा आणि आईंना पैठणी. सूट शिवायच्या भानगडीत पडू नका. घरून इस्त्री किंवा किटली नेऊ नका, काढून घेतात. चहाची किटली केबिनमध्ये असते आणि धुलाईची यंत्रं फुकट आहेत. आपली गोल पिनांची चार्जरं भारतीय सॉकेटची. ब्रिटिश अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. ऑक्टोबर चालेल का? आणि व्हिसा मिळालाच नाही तर बाबांना जुनी लायनर दाखवायला दुसरं काही आहे का?

सातवा डेक

आईंसाठी ऑक्टोबर नको. शरद ऋतूपासून वादळं वाढत जातात. जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ त्यातल्या त्यात शांत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं असतं आणि तेव्हा दर दोन मिनिटांत एक लांब भोंगा वाजतो. घाबरू नका, तो समुद्रातला नियमच आहे. धुरांड्यावरच्या दोन भोंग्यांपैकी एक १९३६च्या मूळ क्वीन मेरीचा आहे, बाबांना तेवढं आवर्जून सांगा. जुलैतही डेकवर स्वेटर लागतो, कारण बोटीच्या वेगाचा वारा सतत अंगावर येतो.

व्हिसा अडलाच तर दुबई. क्वीन एलिझाबेथ २, म्हणजे क्यूई२, तिथे पोर्ट रशीदला कायमची बांधलेली आहे आणि २०१८ पासून हॉटेल म्हणून चालते. १९६९ ते २००८ ती समुद्रावर होती. १९८६-८७ मध्ये तिची वाफेची इंजिनं काढून नऊ डिझेल इंजिनं बसवली. राहायला जा किंवा नुसता वाटाड्यासोबतचा फेरफटका घ्या. ती हलत नाही, तेव्हा आईंनाही त्रास नाही.

रावपुरा ते रेडहूक

एक राहिलं. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट ब्रुकलिनच्या टर्मिनलवर मिळतात. पासपोर्ट, औषधं, चष्मे आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बुफेतलं सफरचंद पिशवीत राहू देऊ नका, अमेरिकेत फळ घेऊन उतरलात आणि सांगितलं नाहीत तर दंड होतो.