मदत हवी आहे: 12 दिवसांवर प्रॅक्टिकल, आणि बॉडी एकदाच बघितलीय

रानजाई
12 दिवसांनी प्रॅक्टिकल आहे. आमच्याकडे बॉडी नाहीत, बसनं नेतात. माझ्या दोन ट्रिप हुकल्या आणि आता परत बस जाणार नाही असं सर म्हणतात. अप्पर लिंब (खांद्यापासून हातापर्यंत) पूर्ण राहिलंय. काय करू? प्लीज लवकर सांगा. "मन लावून अभ्यास कर" सोडून काहीही.

कट्टेकरी
बॉडी म्हणजे गाडीची का? आयटीआय?

दहीभात
एमबीबीएसच्या कॉलेजात बॉडी नाहीत असं होऊच शकत नाही. काहीतरी लपवते आहेस.

रानजाई
एमबीबीएस कुठं म्हटलं मी?? बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, फर्स्ट इयर. आणि बॉडी म्हणजे ॲनाटॉमी शिकायला लागणारा मृतदेह.

माईची_लेक
माझ्या भाचीनं नर्सिंग केलं, तिलाही पहिलं वर्ष जड गेलं होतं. मेसचं जेवण बंद करून डबा लावला, तब्येत सुधारली आणि आपोआप मार्क वाढले. जेवणाकडे लक्ष दे.

आबा_तात्पुरते
बाळा, नीटला किती होते? अजून वय आहे, एक वर्ष ड्रॉप घे आणि सरळ एमबीबीएसला जा. आमच्या शेजारच्या मुलानं तेच केलं.

रानजाई
काका, नीटच्या मार्कांवरच इथे आलेय. परत नाही द्यायची. मला फक्त 12 दिवसांचं सांगा. आता 11च उरले.

झोपाळू_इंटर्न
मीही बीपीटीएच, फायनल पास होऊन आता इंटर्नशिप चालू आहे. आधी हे सांग: ट्रिप का हुकल्या? बोन सेट (अभ्यासाचा हाडांचा संच) आहे का? आणि ॲनाटॉमीच्या सरांना लेखी काही दिलंस की नुसतं तोंडी विचारलंस?

रानजाई
पहिल्या वेळी टायफॉइड. दुसऱ्या वेळी बस साडेसहाची सव्वासहाला सुटली, मी गेटवर होते. (गाव सांगत नाही, मराठवाडा समजा. मेडिकल कॉलेज दीड तासावर आहे.) बोन सेट चौघींत एक, तो नेमका दुसरीच्या घरी आहे. सरांना तोंडीच विचारलं.

दहीभात
फिजिओला एवढं खोल लागतं का पण? शेक द्यायचा आणि व्यायाम करून घ्यायचे.

झोपाळू_इंटर्न
गेल्या महिन्यात ओपीडीत एकजण आला. मोटरसायकलवरून पडून दंडाचं हाड मधोमध मोडलेलं. हाड जुळलं, पण मनगट लुळं. चहाचा कप धरायला बोटंच उघडेनात. रेडियल नर्व्ह तिथं ह्युमरसच्या, म्हणजे त्याच दंडाच्या हाडाच्या, मागून हाडाला चिकटून जाते. हे ज्याला माहीत नाही तो महिनाभर मनगट चोळत बसेल. लागतं, दहीभात.

दहीभात
बरं बरं. म्हणून काय नावामागे डॉक्टर लावायचं?

कट्टेकरी
आला मूळ मुद्द्यावर! 2025 च्या सप्टेंबरात दिल्लीहून पत्र निघालं की फिजिओंनी 'डॉ.' लावू नये, आणि लगोलग मागेही घेतलं. तुम्ही कुठल्या पत्राच्या बाजूनं?

दहीभात
पहिल्या.

झोपाळू_इंटर्न
यासाठी वेगळा धागा काढा. पोरीचे दिवस चाललेत.

रानजाई, आधी बोन सेट परत आण. आजच, एसटीच्या पार्सलनं का होईना. हाड हातात घेऊन डोळे मिटून डावं की उजवं सांगता आलं पाहिजे. ह्युमरसचं गोल डोकं आत, खालचा मोठा खड्डा मागे. क्लॅव्हिकलचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीकडे, आणि छातीकडचा बाक पुढे फुगलेला. यात निम्म्या वर्गाची दांडी उडते.

मग ह्युमरसवर तीन नर्व्हच्या जागा. वर सर्जिकल नेकशी (गोल डोक्याखालच्या निमुळत्या भागाशी) ॲक्झिलरी, मधल्या घळीत रेडियल, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे अल्नर. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हे हमखास.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, रोज सकाळी न बघता काढ. पाच रूट, सी 5 ते टी 1. तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, शेवटी पाच नर्व्ह. कागदावर जमलं की बॉलपेननं स्वतःच्या हातावर.

कट्टेकरी
एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर थ्रीडी ॲप घे, सगळं फिरवून बघता येतं.

ओपीडी_नंबर_चार
ॲपमध्ये नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल, व्हेन निळी. फॉर्मॅलिनमधल्या बॉडीत सगळंच मळकट तपकिरी. मी ॲपवरच शिकले आणि स्पॉटिंगला (बॉडीतला भाग बघून नाव लिहायचं असतं तिथं) मेडियन नर्व्हला टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, लिहून आले.

मी आता शिकवते, म्हणून एक सांगते. एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) नावानं अर्ज लिही, टायफॉइडचं सर्टिफिकेट जोड आणि त्या मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात एक दिवस बसू देण्यासाठी पत्र माग. बस मागू नकोस. बस म्हटलं की डिझेल, ड्रायव्हर आणि प्राचार्यांची सही. तू एसटीनं जा. आणखी कुणाच्या ट्रिप हुकल्यात का? तिघीचौघी मिळून गेलात तर पत्र लवकर निघेल.

आणि थिअरी-प्रॅक्टिकलला वेगवेगळे 50 टक्के लागतात. थिअरीवर तरून जाऊ या भ्रमात राहू नकोस.

माईची_लेक
विषय निघालाच आहे तर, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला शेक द्यावा की बर्फ?

झोपाळू_इंटर्न
कधीपासून दुखतोय? सूज आहे का? वय?

आबा_तात्पुरते
एरंडाचं पान गरम करून बांधा. कुणाला विचारू नका.

रानजाई
अपडेट: ट्रिप हुकलेल्या आम्ही पाचजणी निघालो! एक तर सव्वासहाच्या बसचीच. पत्र मिळालं, शनिवारी दहा ते चार. सर म्हणाले, हे आधी का नाही लिहून दिलंस. बोन सेटही आला, फक्त क्लॅव्हिकल एकच आहे, दुसरं कुणी ठेवून घेतलंय देव जाणे.

एक अडचण. प्लेक्सस हातावर काढला होता, तो साबणानं निघत नाहीये. रूममेटच्या हातावरचा तर अजिबातच नाही, तिचा जेलपेननं काढला होता.

ओपीडी_नंबर_चार
खोबरेल तेल चोळून कापसानं पूस. दोनदा लागेल. आणि परीक्षेच्या दिवशी दोघींचे हात कोरे हवेत, नाहीतर कॉपी म्हणून धरतील.