घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर घेताना आलेले अनुभव, आणि वडीलधाऱ्यांना वाचता येणारे मेनू

आर्वी, जि. वर्धा (धाग्याची सुरुवात)

आमच्या परिसरातील अनेक घरांत १९९० च्या दशकातील लग्नांच्या, बारशांच्या आणि पोळ्याच्या व्हीएचएस कॅसेटी अजून लोखंडी कपाटांत पडून आहेत. त्या चालवणाऱ्या यंत्रांची (व्हीसीआर) शेवटची ज्ञात उत्पादक असलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे आज जे यंत्र चालू आहे तेवढ्याच्याच आयुष्यात हे काम उरकावे लागणार आहे. ज्यांनी आपल्या घरच्या कॅसेटी डिस्कवर घेतल्या आहेत त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. मेनूबद्दल, म्हणजे डिस्क लावल्यावर प्रसंग निवडण्यासाठी पडद्यावर येणाऱ्या यादीबद्दल, अवश्य लिहावे, कारण चित्र डिस्कवर उतरले तरी घरातील म्हाताऱ्या माणसांना हवा तो प्रसंग रिमोटने काढता आला नाही, तर ती डिस्कही कॅसेटीशेजारी कपाटातच जाते.

दर्यापूर, जि. अमरावती (निवृत्त शिक्षिका)

आमच्या दिरांच्या लग्नाची कॅसेट तालुक्याच्या गावी एका दुकानातून डीव्हीडीवर करून आणली होती. चित्र समाधानकारक होते, मात्र मेनूवर गुलाबाच्या फुलांवर तिरप्या सोनेरी इंग्रजी अक्षरांत प्रसंगांचे नुसते क्रमांक होते. माझ्या सासूबाई मराठी वर्तमानपत्र रोज वाचतात, परंतु त्या मेनूपुढे त्या रिमोट खाली ठेवून देत असत. म्हणून पुतण्याच्या मदतीने मेनू नव्याने केला. गडद निळ्या पार्श्वभूमीवर साय रंगाची ठळक अक्षरे घेतली आणि हळद, वरात, सीमंतपूजन, लग्न लागले, पंगत, पाठवणी अशी घरात बोलली जाणारीच नावे दिली. एका पानावर सहापेक्षा अधिक ओळी ठेवल्या नाहीत. दुकानदाराने मूळ चित्रफीत साधारण दर दहा मिनिटांनी तोडली होती, त्यामुळे मंगलाष्टकांच्या मध्येच नवा भाग सुरू होत असे. प्रसंग जिथे बदलतो तिथेच भाग पाडणे हे मला अक्षरांच्या आकाराइतकेच महत्त्वाचे वाटते.

वरूड, जि. अमरावती (संगणक दुरुस्तीचे काम)

वरच्या ताईंनी रंगांबद्दल लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. लाल अक्षरे जुन्या टीव्हीवर कडांना पसरतात, ती टाळावीत. हे काम मी गावातील अनेक घरांसाठी केले असल्यामुळे देवनागरी मेनूच्या अडचणी थोड्या विस्ताराने मांडतो.

आपल्याकडील जुने चित्रीकरण पाल पद्धतीचे आहे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे, आणि डीव्हीडीवर त्याचा आकार ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा असतो. हे ठिपके चौरस नसल्याने मेनूचे चित्र ७६८ बाय ५७६ आकारात तयार करावे आणि शेवटी त्याची रुंदी ७२० वर आणावी, म्हणजे टीव्हीवर अक्षरे पसरट दिसत नाहीत. पालमधील प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत उमटते. शिरोरेषा एकाच ठिपक्याच्या जाडीची असली तर ती एका भागात असते आणि दुसऱ्यात नसते, त्यामुळे संपूर्ण शब्द थरथरताना दिसतो. रोमन लिपीला वरची सलग रेघ नसल्यामुळे तयार नमुने बनवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. शिरोरेषा तीन-चार ठिपके जाड ठेवावी आणि अनुस्वार व मात्रा तिला चिकटणार नाहीत इतका अक्षराचा आकार घ्यावा.

डीव्हीडी बनवणाऱ्या काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टंकले की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. म्हणून मी मजकूर गिम्प या चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून तयार करतो आणि ते चित्र डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी म्हणून लावतो. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. निवडलेल्या बटनावर चढणारा रंग डीव्हीडीच्या वेगळ्या थरात असतो आणि त्या थरात एका वेळी चारच रंग मावतात. अक्षरेच त्या थरात काढली तर त्यांच्या कडा दातेरी होतात आणि रफार ओळखू येत नाही. अक्षरे मागच्या चित्रात राहू द्यावीत आणि वरच्या थरात फक्त एक जाड बाण द्यावा. पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या कडा कापतात, तेव्हा चारही बाजूंना दहा टक्के जागा मोकळी सोडावी.

आमच्याकडे दिवसा वीज जाते, म्हणून कॅसेट संगणकावर घेताना व्हीसीआर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवतो.

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

आमचा भाग धानाचा आणि दमट हवेचा आहे, त्यामुळे मेनूच्या आधीची एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. कॅसेटच्या काचेतून फितीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी असते, आणि अशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी यंत्रातील फीत वाचणाऱ्या भागाला (हेडला) लागून पुढच्या चांगल्या कॅसेटींवरही जाते. तशा कॅसेटी आम्ही आधी वेगळ्या काढल्या आणि जाणकाराकडून स्वच्छ करून घेतल्या. राहिलेल्या सर्व कॅसेटींच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडून टाकली, म्हणजे चुकून त्यांवर दुसरे काही रेकॉर्ड होत नाही.

आमच्या कॅसेटींत लग्नांपेक्षा मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्रीची झाडीपट्टीतील, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, नाटके अधिक आहेत, कारण माझे काका त्यांत काम करीत असत. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये मावत नसे, त्यामुळे दुसरा अंक दोन कॅसेटींत विभागलेला होता. एका थराच्या ४.७ जीबी डिस्कवर साधारण दोन तासांचे चित्र चांगल्या प्रतीचे राहते. त्याहून अधिक कोंबले की पेट्रोमॅक्सच्या उजेडातील चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळतात. आम्ही प्रत्येक अंकाला स्वतंत्र डिस्क दिली आणि मेनूवर अंक, प्रवेश आणि काम करणाऱ्यांची नावे लिहिली. ती नावे आता गावातील दोघा-तिघांनाच ठाऊक आहेत. पात्रांपेक्षा नटांची नावे वाचायलाच लोक पुढे सरकून बसतात, हे मी प्रत्येक वेळी पाहतो.

मेहकर, जि. बुलडाणा

डिस्कवर चिकटपट्टीचे लेबल लावू नये, त्याने डिस्क फिरताना तोल जातो. मधल्या पारदर्शक वर्तुळाजवळ डिस्कसाठीच्या मार्करने मराठीत लिहावे. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधील रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने खराब होते आणि आपला उन्हाळा तर सर्वांना माहीत आहेच, म्हणून मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवून तिची एक प्रत पुण्याच्या भावाकडे दिली आहे.

वणी, जि. यवतमाळ

इथे सर्वांनी अक्षरांबद्दल लिहिले आहे. माझ्या मोठ्या आईला मात्र वाचताच येत नाही. तिने आयुष्यभर कापूस वेचला, शाळा पाहिली नाही, आणि आमच्या घरच्या कॅसेटी सर्वांत जास्त तिलाच पाहायच्या असतात. तिच्यासाठी मेनूच्या प्रत्येक बटनावर त्या प्रसंगातील एकेका माणसाचा चेहरा घेतला. आबाजींच्या चेहऱ्यावर तान्हा पोळा लागतो, आत्याच्या चेहऱ्यावर भुलाबाईची गाणी लागतात आणि माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर त्यांची वरात सुरू होते. चेहरे निवडताना तिलाच शेजारी बसवून प्रत्येक माणूस कोण, कुणाकडचा आणि त्या दिवशी कुठून आला होता हे विचारत गेलो. तिच्याकडून कळलेली नावे चेहऱ्यांखाली ठळक अक्षरांत लिहिली, ती आम्हा मुलांसाठी. चेहरा नीट ओळखू यावा म्हणून एका पानावर चारच बटने ठेवली आहेत आणि पुढच्या पानाचा बाण उजवीकडे एकाच जागी आहे, म्हणजे तिला तो दर वेळी शोधावा लागत नाही. वरूडच्या दादांनी सांगितलेला जाड बाण चेहऱ्यांवर कसा बसवावा, हे त्यांनी लिहिले तर पुढच्या डिस्कमध्ये तशी सुधारणा करीन. सध्या मी चेहऱ्याभोवती पिवळी चौकट दिली आहे आणि ती मोठ्या आईला दिसते.