मदत हवी आहे : घरातल्या बायबल अभ्यासात बाप्तिस्म्याचा विषय कधी घ्यावा?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. जालन्याजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बायबल अभ्यास होतो. सोयाबीनच्या काढणीत निम्मेच येतात, तो भाग वेगळा. मार्कचं शुभवर्तमान घेतलंय. 16च अध्याय, भाषा सोपी. वाचता न येणाऱ्या आज्यासुद्धा ऐकून गोष्ट जशीच्या तशी सांगतात.

अडचण पुढची आहे. आम्ही बाप्टिस्ट, म्हणजे आधी विश्वास, मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. पण काही कुटुंबं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतली, त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. प्रेषितांची कृत्ये 8 मधला फिलिप्प आणि कूशी अधिकारी आम्ही दाखवला (त्याने आधी येशूविषयी ऐकलं, मग बाप्तिस्मा घेतला), तर एका काकांनी लगेच त्याच पुस्तकातलं 16:33 काढलं : तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घरच्यांचा झाला, मग त्यात लेकरं नव्हती कशावरून? मी 16:34 दाखवलं, सगळ्या घराने विश्वास धरला म्हणून. काकांचं समाधान काही झालं नाही, आणि प्रश्न खोटा नाही त्यांचा.

आता हा विषय मार्क संपल्यावर घ्यावा, की बाप्तिस्म्याचा अर्थ सांगणारा रोमकरांस 6 लगेच वाचावा? पाळकसाहेब म्हणतात थांबा. मला वाटतं, टाळलं तर कुजबुज वाढेल. मिश्र गटात कोणी शिकवलंय का? मराठीत साधे, छापता येतील असे धडे असतील तर तेही सांगा.