‘जाल्लो’ला मराठीत काय म्हणायचं?

चौकस: इटालियन खूनपटांबद्दल लिहिताना कुणी ‘गियालो’ लिहितं, कुणी ‘जाल्लो’, तर कुणी थेट ‘पीतपट’. बरोबर काय? आणि साधं ‘रहस्यपट’ का नको?

जुनं रीळ: उच्चार ‘जाल्लो’, ल्ल ठसठशीत. giallo या स्पेलिंगमधला ‘आय’ फक्त आधीच्या ‘जी’चा ‘ज’ करायला असतो, तो म्हणायचा नसतो. त्यामुळे ‘गियालो’ बाद.

शब्दाचा अर्थ पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ साली पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथामाला सुरू केली, तिथून इटलीत कुठल्याही रहस्यकथेला जाल्लो म्हणू लागले. त्यांच्या लेखी अगाथा ख्रिस्तीही जाल्लोच. पेपरात एखाद्या मृत्यूचं गूढ उकललं नसेल तर त्यालाही हाच शब्द. इटलीबाहेर मात्र अर्थ आकसला आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या ठरावीक साच्याच्या खूनपटांपुरता उरला.

‘पीतपट’ नकोच. ‘पिवळी पुस्तकं’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायला नको.

भिंगवाला: ‘रहस्यपट’ चूक नाही, पण अपुरा आहे. रहस्यपटात धागे जोडत खुन्यापर्यंत जाता येतं, इथे तो हिशेब क्वचितच जुळतो. मारिओ बावांच्या १९६४च्या, फॅशन हाउसमधल्या खुनांच्या चित्रपटाने खुन्याचा वेष पक्का केला: हॅट, लांब कोट, काळे हातमोजे, झाकलेला चेहरा. बाई की बुवा हेच कळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दारिओ आर्जेन्तोंनी १९७० साली त्यात साक्षीदार घातला. रोममध्ये आलेला अमेरिकन लेखक कलादालनाच्या दोन काचांच्या मध्ये अडकतो. समोर झटापट चाललेली दिसते, पण आत जाता येत नाही. त्याला दिसतं ते खरंच, फक्त त्याचा अर्थ तो उलटा लावतो. किल्ली सुरुवातीलाच प्रेक्षकाच्या हातात दिलेली असते, हीच खरी गंमत.

नकलाकारांनी हातमोजे उचलले, पण ही युक्ती उचलली नाही. मग मधला तासभर नुसते खून, आणि शेवटी खुन्याचं बालपण पाच मिनिटांत उरकायचं. मध्ये काही पेरलेलंच नसल्यामुळे खुनी कुणीही निघाला तरी चालतं! आर्जेन्तोंच्या त्या चित्रपटाच्या नावात पक्षी होता, ती प्राण्यांच्या नावांची कल्पना मात्र झटकन उचलली. १९७१ या एका वर्षात सरडा, विंचू, टॅरँटुला सगळे पोस्टरवर आले.

चौकस: मग इंग्रज रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवरचे जर्मन चित्रपट? तेही जाल्लोच का?

जुनं रीळ: नाही, ते ‘क्रिमी’. रियाल्टो फिल्मची ती मालिका १९५९ ते १९७२ चालली. धुकं, लंडन, स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर, जोडीला एक विनोदी पात्र. तिथे पोलीस गुन्हा सोडवतात, जाल्लोत बहुधा ते नुसते मागून येतात. क्रिमीला ‘रहस्यपट’ खुशाल म्हणा. मालिकेतला शेवटचा चित्रपट इटलीच्या भागीदारीत झाला आणि तो सरळसरळ जाल्लो आहे, म्हणजे सीमारेषा तशी कच्चीच.

भिंगवाला: आणि इटलीतले सत्तरीतले पोलीस-गुंड पाठलागाचे चित्रपट यात ढकलू नका. त्यांना ‘पोलीसपट’ पुरे.

चौकस: लिंग, विभक्ती?

जुनं रीळ: ‘फोटो’सारखा चालवा. तो जाल्लो, ते जाल्लो, जाल्लोचा, जाल्लोत. ‘जाल्ली’ हे इटालियन अनेकवचन मराठीत आणायची गरज नाही. लेखात पहिल्यांदा ‘जाल्लो, म्हणजे इटालियन खूनपट’ असं लिहायचं, पुढे नुसतं ‘जाल्लो’.