एमपीने फ्युएल ड्युटीवर काय मत दिलं ते वाचायचं कसं? (यूकेतल्या लोकांसाठी)

अनघा_यूके
नमस्कार मंडळी. मी घरोघरी जाऊन वृद्ध लोकांची देखभाल करते, दिवसाला दहा-बारा घरं होतात आणि सगळी फिरती स्वतःच्या गाडीने, त्यामुळे पेट्रोल वाढलं की माझ्या हातात कमी पैसे उरतात. इथे व्हिसावर असलो तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, म्हणून म्हटलं आधी आपल्या एमपीने (खासदाराने) संसदेत कशावर काय मत दिलं ते रेकॉर्ड बघू. तर तिथे एका ओळीत दिलंय, ‘इंधनावरचा कर कमी करण्याच्या विरोधात’. आणि दाराखालून टाकलेल्या पत्रकात तेच एमपी म्हणतायत की २०११ पासून आम्ही फ्युएल ड्युटी, म्हणजे इंधनावरचा हाच कर, वाढू दिलेली नाही. दोन्ही खरं कसं असेल? पक्षांवरून भांडण नको, मला फक्त समजून घ्यायचंय.

सुहास के
अनघाताई, दोन्ही खरं असू शकतं. ती एक ओळ सोडा, त्याखाली मतदानाची तारीख असेल ती बघा. १२ नोव्हेंबर २०१२ असेल तर ती गोष्ट अशी आहे. जानेवारी २०१३ मध्ये ड्युटी ३ पेन्सने वाढणार होती, ती निदान एप्रिलपर्यंत पुढे ढकला असा ठराव तेव्हा विरोधात असलेल्या लेबर पक्षाने आणला. तो दिवस विरोधी पक्षाचा होता, म्हणजे चर्चेचा विषय विरोधकांनी ठरवायचा, असे दिवस सत्रात २० मिळतात, आणि अशा दिवशी ठराव पास झाला तरी कायदा बदलत नाही. सरकारी बाजूच्या लोकांना व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश), म्हणून ते ‘नो’च्या लॉबीत, म्हणजे विरोधी मत मोजतात त्या दालनात गेले, ठराव २३४ विरुद्ध २८२ ने पडला. आणि तीनच आठवड्यांनी, ५ डिसेंबरला, तेव्हाचे चॅन्सेलर (अर्थमंत्री) ऑसबर्न यांनी ती वाढ स्वतःच रद्द केली! म्हणजे रेकॉर्डवर ‘विरोधात’ आणि प्रत्यक्षात ड्युटी तिथेच. मार्च २०११ पासून ५७.९५ पेन्स होती ती तशीच राहिली, मार्च २०२२ मध्ये सुनक चॅन्सेलर असताना ५ पेन्स कमी होऊन ५२.९५ झाली.

रेवती_पी
शिवाय ड्युटी न वाढवण्यावर वेगळं मतदान सहसा होतच नाही. ते सगळं बजेटमध्ये येतं आणि मग फायनान्स बिलात, तिथे एका ‘हो’मध्ये दारू, तंबाखू, इन्कम टॅक्स, इंधन सगळं एकत्र. कोणी त्या बिलाला विरोध केला तर तो पेट्रोलसाठी केला का आणखी कशासाठी हे त्या आकड्यावरून कळायचं नाही, त्यासाठी हॅन्सार्डमध्ये (संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत) भाषण वाचावं लागतं.
दुसरं म्हणजे गैरहजेरी. मतदानाची घंटा वाजल्यावर आठ मिनिटांत लॉबीत पोचलं नाही तर नाव येत नाही, मग तो आजारी होता, मतदारसंघात होता की मुद्दाम बसून राहिला हे यादीत कुठेच दिसत नाही. आणि कधी मतदानच होत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्लोचे एमपी रॉबर्ट हॅल्फन यांनी लाखावर सह्यांच्या पिटिशननंतर याच विषयावर चर्चा घडवून आणली, तो ठराव मतदानाशिवायच मान्य झाला. म्हणजे ज्या चर्चेने सरकारवर दबाव आला तिची कोणाच्याच रेकॉर्डवर खूण नाही.

विनय डी
सगळं पटलं, तरी एमपीला इतकं सहज सोडू नका. व्हिप असला तरी पाय त्याचेच असतात ना? ज्या दिवशी ‘नो’ म्हणाले त्या दिवशी वाढ ठरलेलीच होती, ती पुढे रद्द होणार हे मतदारांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि पत्रकात फक्त ड्युटीबद्दल लिहितात, व्हॅटचं नाव नाही. व्हॅट २० टक्के, तोही ड्युटी धरून झालेल्या किमतीवर, म्हणजे करावर कर. समजा लिटरला १४० पेन्स दिले तर ड्युटी ५२.९५ आणि व्हॅट २३.३३, मिळून ७६ च्या वर. जानेवारी २०११ मध्ये व्हॅट साडेसतरावरून २० झाला त्याला कोणी काय मत दिलं तेही शोधा ताई, पत्रकापेक्षा त्यातून जास्त कळेल.

अनघा_यूके
बघितलं, तारीख १२ नोव्हेंबर २०१२ च निघाली! पण विनयदादांचं म्हणणंही बरोबर वाटतंय. शनिवारी त्यांची मतदारांसाठी भेटीची वेळ असते, तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारणारे, त्या दिवशी ‘नो’ का म्हणालात, आणि व्हॅटवर काय केलंत. काय म्हणाले ते इथे लिहिते.