मोरपंखी पैठणी छापून शेवाळी आली. डीटीपी आणि फोटोच्या कामासाठी मॉनिटर कोणता घेऊ?

जुळारीण

नमस्कार मंडळी. नाशिकला रविवार कारंज्याजवळ माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. वडील छपाईचे खिळे जुळवायचे, मी पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रामवर शिकले. पुस्तकांची जुळणी अजून त्यातच करते. हसू नका, माझ्या लेखकमंडळींच्या पंधरा वर्षांच्या फाइली त्यातच आहेत. लग्नपत्रिका आणि द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं कोरलमध्ये, फोटो फोटोशॉपमध्ये.

गेल्या महिन्यात येवल्याच्या एका पैठणीवाल्यांचा सोळा पानी कॅटलॉग केला, आर्ट पेपरवर. रंग चुकायला नको म्हणून मोरपंखी पैठणी दुकानात आणून ठेवली होती. पदर स्क्रीनशेजारी धरून धरून फोटोचा रंग जुळवला. छापून आली ती शेवाळी! पैठणीवाले म्हणाले, "ताई, हा रंग आमच्याकडे विणतच नाहीत." एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं) माझ्या खर्चाने परत छापून दिला.

सध्याचा मॉनिटर १९ इंची, दहा वर्षांचा. ताठ बसलं की कुंकवाचा लाल एक दिसतो, खुर्चीत रेललं की दुसरा. बजेट २५ हजार, फार ओढलं तर ३०. एमजी रोडवर चौकशी केली, तर एकाने वक्र गेमिंगवाला दाखवला, दुसरा फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा, घ्याच म्हणतोय. बॉक्सवरचं इंग्रजी वाचून डोकं फिरलं. तुम्ही काय वापरता?

पंचवटीकर

एवढ्या पैशात ३२ इंची टीव्ही येतो की. एचडीएमआय जोडा आणि मोठ्या पडद्यावर मजा करा.

कच्ची_फाइल

टीव्ही नको हो. बरेच टीव्ही संगणकाच्या चित्रातली रंगाची माहिती अर्धीच ठेवतात. सिनेमात कळत नाही, पण लाल कागदावर निळं अक्षर टाकलं की कडा फाटलेल्या दिसतात. मी लग्नाचे फोटो करतो, कॉलेज रोडला स्टुडिओ आहे. माझं मत: थोडं थांबा, पैसे साठवा आणि अडोबी आरजीबी, म्हणजे रंगांचा मोठा पल्ला, दाखवणारा मॉनिटर घ्या. मोरपंखीच्या जवळचे निळे-हिरवे रंग छपाईच्या शाईत असतात, पण साध्या एसआरजीबी (लहान पल्ल्याच्या) पडद्यावर ते पूर्ण दिसूच शकत नाहीत.

प्लेटवाले काका

ताई, आधी एक सांगा. पदर शेजारी धरलात तेव्हा दुकानात दिवा कोणता होता? आणि फोटो जुळवताना त्यात पिवळा वाढवलात का?

जुळारीण

काका, पिवळा वाढवला हे तुम्हाला कसं कळलं? स्क्रीनवर फोटो फार निळा दिसत होता, पदर जास्त हिरवा. म्हणून पिवळा चढवत गेले. दिवा पिवळसर एलईडी आहे. पांढऱ्या ट्यूबने डोळे दुखतात म्हणून मागच्या दिवाळीत बदलला.

प्लेटवाले काका

मग मॉनिटरला फाशी देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेऊ.

मी ३४ वर्षं प्रोसेसमध्ये, म्हणजे छपाईआधी प्लेटा तयार करण्याच्या कामात काढली. आधी कॅमेऱ्यावर निगेटिव्ह, मग स्कॅनर, शेवटी सीटीपीच्या, म्हणजे संगणकावरून थेट निघणाऱ्या प्लेटा. तुमच्या दुकानात दोन खोटे साक्षीदार आहेत. पिवळ्या दिव्यात निळं कमी असतं, त्यामुळे मोरपंखी कापड आहे त्यापेक्षा हिरवं दिसतं. हा झाला एक. दुसरा तुमचा पडदा. मेन्यूत जाऊन कलर टेंपरेचर (पांढरा किती पिवळसर की निळसर, केल्विनमध्ये) बघा, 'कूल' किंवा ९३०० असणार. तो सगळं निळसर दाखवतो. एक हिरव्याकडे खेचतोय, दुसरा निळ्याकडे, आणि मधली दरी तुम्ही पिवळ्या शाईने भरलीत. शेवाळं तिथे उगवलं. उद्या ५० हजारांचा पडदा आणलात तरी हा दिवा असेपर्यंत हेच होणार.

तेव्हा पहिली खरेदी दिव्याची. छापील कागद बघण्यासाठी छापखान्यांत ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण धरतात. टेबलापुरती तशी एक ट्यूब लावा, रंग नीट दाखवणारी, म्हणजे सीआरआय ९० च्या वर. मॉनिटर ६५०० वर, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२. ब्राइटनेस उतरवा. नवे पडदे २५० ते ३५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड फेकतात. छपाईच्या कामाला १०० ते १२० पुरे. स्क्रीनवर झळकणारी पत्रिका कागदावर मेलेली दिसते, त्यातली निम्मी रड या ब्राइटनेसची असते. आणि हो, भिंत पोपटी असेल तर तीसुद्धा पडद्यात आणि कागदात उतरते.

आता मॉनिटर. मान हलवली की रंग बदलतो म्हणजे तुमचा टीएन जातीचा पॅनेल आहे, त्याला निरोप द्याच. आयपीएस जातीचा घ्या, त्यात बाजूने बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही. वक्र गेमिंगवाले बहुतेक व्हीए या तिसऱ्या जातीचे असतात. काळा रंग त्यांचा झकास, पण कडेने बघितलं की गडद छटा फिकट पडतात, आणि वक्र काचेवर सरळ चौकट सरळ आहे की नाही यावर तुमचाच विश्वास बसणार नाही.

आकाराचा हिशेब मी कागदावरून करतो. ए-फोरची दोन पानं शेजारी ठेवली की ४२ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. २४ इंची पडद्याची उंची साधारण २९.९, मेन्यूपट्टी उघडली की पानाचा पाय कापला गेलाच. २७ इंचीची उंची ३३.६, रुंदी ५९.७. आख्खं जोडपान खऱ्या मापात बसतं आणि बाजूला पॅलेटना जागा राहते. जागा कमी असेल तर २४ इंचीतला १९२० बाय १२०० पिक्सेलवाला बघा, त्याची उंची ३२ च्या पुढे जाते.

२७ इंचावर साधं फुल एचडी (१९२० बाय १०८०) मात्र अजिबात नको. इंचाला ८२ पिक्सेल पडतात, नऊ पॉइंटात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. २५६० बाय १४४० घेतलं तर १०९ पडतात. फोर-केला १६३, अक्षर छापल्यासारखं दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण तुमचा पेजमेकर ७ आहे २००१ सालचा. त्याला फोर-के ठाऊकच नाही. टूलबॉक्स मुंगीएवढा दिसेल, आणि विंडोजला तो मोठा करायला सांगितलं की अक्षरं धुरकट. इनडिझाइन या पेजमेकरच्या नव्या भावंडावर आलात की फोर-के घ्या.

बॉक्सवर 'शंभर टक्के एसआरजीबी' आणि 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' (डेल्टा ई म्हणजे रंगातली चूक) एवढं शोधा. आसुसचा प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही याच जातीचा. २४ मध्ये पीए२४८क्यूव्ही.

स्टुडिओवाले म्हणतात ते खोटं नाही, असे काही रंग एसआरजीबीच्या बाहेर जातात. पण रुंद गॅमटच्या (मोठ्या रंगपल्ल्याच्या) पडद्यावर पेजमेकर आणि साधे फोटो बघायचे प्रोग्राम सगळं भडक दाखवतात. हळदीची पत्रिका बघून गिऱ्हाईक घाबरेल. शिवाय त्या पैशात यांचं आणखी एक काम राहून जाईल: कॅलिब्रेशनचं, म्हणजे पडद्याचे रंग मोजून बरोबर करायचं यंत्र.

कच्ची_फाइल

पेजमेकरचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच नव्हता. यंत्र विकत घेऊ नका, माझं घेऊन जा. पडद्याला चिकटवायचं, वीस मिनिटांत प्रोफाइल, म्हणजे त्या पडद्याच्या रंगांची दुरुस्तीची फाइल, तयार होतो. महिन्यातून एकदा पुरे. फक्त मॉनिटर अर्धा तास तापल्यावर करा.

पंचवटीकर

टीव्ही मागे घेतो. पण संगणक किती जुना आहे? मागे व्हीजीए केबलच असेल तर सगळं मुसळ केरात. काही जुन्या बोर्डांच्या एचडीएमआयवरही १९२० च्या पुढे जात नाही. डिस्प्लेपोर्ट आहे का बघून मगच बाहेर पडा.

प्लेटवाले काका

हे बरोबर. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एक करडी फाइल न्या, लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८. पूर्ण पडद्यावर लावा आणि उभं राहून, वाकून, दोन्ही बाजूंनी बघा. कुठे गुलाबी, कुठे हिरवट झाक दिसली तर तो नग नको. मग पांढरं आणि काळं लावून मेलेले पिक्सेल शोधा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे.

आणि शेवटी, पडदा कितीही चांगला असो, आकडे बघायची सवय लावा. स्कॅनरवर आम्हाला रंगीत पडदा नव्हता तेव्हा आकड्यांवरच रंग ओळखायचो. फोटोशॉपच्या इन्फो पॅलेटमध्ये त्या मोरपंखीवर पिवळा किती आहे, बघून सांगा.

जुळारीण

उशिरा लिहितेय, दिवाळी अंकाच्या जाहिराती चालू होत्या.

काका, शाईचे टक्के असे: सायन १००, मॅजेंटा २५, पिवळा ८५. मेन्यूत 'कूल' होतं. दहा वर्षं! मूळ फोटो उघडून बघितला, तिथे पिवळा ४० च्या आसपास. म्हणजे फोटोग्राफरने बरोबर दिलेला रंग मी मेहनत घेऊन बिघडवला.

संगणकाला डिस्प्लेपोर्ट निघाला. करडी फाइल घेऊन गेले. पहिल्या नगाचा उजवा खालचा कोपरा गुलाबी होता, मुलाने निमूट दुसरा उघडून दिला. २७ इंची, २५६० बाय १४४०, आयपीएस. ट्यूब बदलली. ब्राइटनेस उतरवल्यावर पहिले दोन दिवस वाटलं लाइट गेलेत, आता सवय झाली. पैठणीचं तेच पान पिवळा ४० ठेवून छापखान्यातून प्रूफ काढून आणलं. ट्यूबखाली पदर, प्रूफ आणि पडदा तिन्ही शेजारी ठेवले. पडदा किंचित जास्त उजळ आहे, बाकी बहिणी शोभतात.

जुना १९ इंची टाकला नाही, पॅलेट त्याच्यावर ओढून ठेवल्यात. कच्ची_फाइल, शनिवारी दुपारी यंत्र न्यायला आले तर चालेल का? तीनच्या आधी, नंतर पत्रिकावाले येतात.