मदत हवी आहे: भेगांतला वर्ख रंगावरही चिकटतोय

अत्याचारातून सावरलेल्या एका ताईंचं प्रतीकात्मक व्यक्तिचित्र आहे. ओळख पटू नये म्हणून पाठमोरं. खांद्यावर किंत्सुगीसारख्या (फुटलेली भांडी सोन्याने सांधायची जपानी कला) सोनेरी भेगा, ही त्यांचीच निवड. कॅनव्हास लवचिक, त्यावर क्रॅकल पेस्टचे (वाळताना भेगा पडणारा जाड लेप) पोपडे सुटतात, म्हणून 12 मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी), दोन्ही बाजूंनी जेसो (रंगाआधीचं पांढरं अस्तर), वर 3 मिमी पेस्ट. भेगा छान पडल्या.

अडचण वर्खाची. शून्य नंबर ब्रशने भेगांत पाण्याचा साइझ (वर्ख चिकटवायचा गोंद) भरला, 20 मिनिटांनी दुधाळपणा जाऊन चिकट झाल्यावर पितळी वर्ख ठेवला, तर तो शेजारच्या ॲक्रिलिक रंगालाही धरतो. दमट हवेत हा रंग किंचित चिकटच राहतो. आधी व्हार्निशचा थर द्यावा की टाल्क भुरभुरावी? टाल्कने वरचा थर धुरकट दिसेल ना? पितळ काळवंडू नये म्हणून शेवटी कोणतं व्हार्निश? (अस्सल सोनं बजेटबाहेर आहे.)